'तक्रारी : शून्य' हा पुरावा नव्हे

उद्योगसंघटनांच्या परिसंवादांत आणि वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर गेली काही वर्षं एक युक्तिवाद सातत्याने ऐकू येतो. भारतीय कंपन्या आता आपल्या कामगारांविषयी पुरेसं, किंबहुना गरजेपेक्षा जास्तच सांगतात, असा तो युक्तिवाद. सेबीने मे २०२१ मध्ये 'बीआरएसआर' म्हणजे व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवालाचा नमुना आणला. २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना तो सक्तीचा झाला. कामावर स्त्रिया किती, पुरुष किती, दिव्यांग किती, कायम किती, बिगरकायम किती, नेमकं किमान वेतन किती जणांना मिळतं आणि त्याहून जास्त किती जणांना, बालमजुरीच्या आणि वेठबिगारीच्या तक्रारी किती आल्या, हे सगळं त्यात द्यावं लागतं. मग आणखी काय हवं, असं विचारलं जातं. कंपनीला माल आणि सेवा पुरवणाऱ्यांकडच्या कामगारांचीही माहिती मागणं हा जाच आहे, तो थांबवा, असा आग्रह त्याला जोडूनच येतो.

हा युक्तिवाद चुकीचा आहे आणि त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं. तो मांडणारे सगळे कामगारांचं वाईट चिंतणारे आहेत असं मुळीच नाही. कंपन्यांतले अधिकारी दहा खात्यांच्या मागे लागून हे आकडे जमवतात, त्यात त्यांचे महिने जातात, हे खरं आहे. बीआरएसआर ही मोठी जमेची बाजू आहे हेही खरं. केंद्राने २०११ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वं ऐच्छिक होती. २०१२ मध्ये सेबीने पहिल्या शंभर कंपन्यांना जबाबदारी अहवाल सक्तीचा केला, तेव्हाही त्यातली बरीच उत्तरं 'हो' किंवा 'नाही' एवढ्यावर भागत होती. आज निदान संख्या मागितली जाते. पण जे मोजलं तेवढंच अस्तित्वात आहे, आणि जिथे शून्य लिहिलं तिथे खरोखर काही घडलं नाही, असं धरून चालणं हा कामगारांवर अन्याय आहे.

नमुना हातात घेऊन वाचला की हे कळतं. सुरुवातीच्या तक्त्यात कायम आणि बिगरकायम अशी दोन्ही माणसं मोजली आहेत. पुढे वर्षभरात किती जण काम सोडून गेले याचा दर विचारला आहे. तो फक्त कायम कर्मचाऱ्यांचा आणि कायम कामगारांचा. बाळंतपणाच्या रजेनंतर किती जणी परत आल्या आणि टिकल्या? तोही आकडा फक्त कायम असलेल्यांचा. कामगार संघटनेचे सभासद किती? पुन्हा फक्त कायम. मालकाशी वागताना कामगाराच्या हातात काही बळ आहे की नाही हे ज्या तीन ठिकाणी दिसलं असतं, नेमकी तीच ठिकाणं बिगरकायम माणसाला बंद आहेत.

आणि बिगरकायम म्हणजे काही मूठभर लोक नव्हेत. सरकारच्याच वार्षिक उद्योग पाहणीनुसार देशातल्या कारखान्यांत दर शंभर कामगारांमागे चाळीसहून अधिक कामगार ठेकेदारामार्फत आलेले असतात. चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी यांपैकी कुठल्याही औद्योगिक वसाहतीत पाळी सुटताना फाटकाशी उभं राहिलं तर बाहेर पडणाऱ्या पोरांच्या बोलण्यात एक शब्द हमखास येतो : 'ब्रेक'. वर्षात २४० दिवस भरले की कायद्याने काही हक्क मिळू लागतात, म्हणून त्याआधीच सहा-सात महिन्यांनी 'ब्रेक' दिला जातो. पोरगा घरी बसतो किंवा शेजारच्या कंपनीच्या फाटकावर जातो आणि काही दिवसांनी दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर पुन्हा त्याच यंत्रावर उभा राहतो. एका जागेवर वर्षात दोन-तीन माणसं फिरली तरी कामगार सोडून जाण्याच्या दरात त्यातलं एकही धरलं जात नाही. अहवाल उघडणाऱ्या गुंतवणूकदाराला ती कंपनी माणसं टिकवून ठेवणारी वाटते.

आता तक्रारींच्या तक्त्याकडे येऊ. लैंगिक छळ, भेदभाव, बालमजुरी, वेठबिगारी, वेतन अशा ओळी, त्यांच्यासमोर वर्षात आलेल्या आणि वर्षाअखेर प्रलंबित राहिलेल्या तक्रारींचे रकाने, शेवटी शेरा. अनेक अहवालांत हे पान वरपासून खालपर्यंत 'शून्य, शून्य, शून्य' असं जातं. त्याच प्रकरणात आणखी एक तक्ता आहे, किती टक्के कारखान्यांची आणि कार्यालयांची या बाबतीत तपासणी झाली याचा. तिथे पुष्कळदा शंभर टक्के लिहिलेलं असतं. ही तपासणी सरकारी यंत्रणेने, त्रयस्थाने किंवा खुद्द कंपनीने केलेली चालते, असं नमुन्यातच म्हटलं आहे. म्हणजे कंपनीने स्वतःची तपासणी केली, काही सापडलं नाही असं स्वतःच नोंदवलं, तरी रकाना भरतो. सेबीने जुलै २०२३ मध्ये या अहवालातले काही निवडक निकष बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासून घेणं टप्प्याटप्प्याने बंधनकारक केलं. त्यांत अपघात आले, एकूण वेतनातला स्त्रियांचा वाटा आला, लैंगिक छळाच्या तक्रारी आल्या. बालमजुरी आणि वेठबिगारीच्या ओळी त्या निवडक निकषांत नाहीत. ज्या शून्याबद्दल सर्वांत जास्त शंका घ्यायला हवी, ते बाहेरच्या कोणाकडून तपासून घेण्याचं बंधन नाही.

तक्रार करायला माणसाला आधी तक्रारपेटीपर्यंत पोचावं लागतं. भाषा लागते, आपण कोणाचे कामगार आहोत हे ठाऊक असावं लागतं, आणि उद्या काम राहील याची खात्री लागते. ज्याचा गेटपास ठेकेदाराच्या खिशात आहे तो मुख्य कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला ईमेल पाठवेल, ही अपेक्षा ठेवणाऱ्याने कधी पाळीवर काम केलेलं नसतं. डिसेंबर २०२० मध्ये कर्नाटकातल्या नरसापूरच्या विस्ट्रॉन कारखान्यात पगारावरून कामगारांचा उद्रेक झाला आणि तोडफोड झाली. तिथे आयफोन तयार होत होते आणि बहुतेक कामगार ठेकेदारांमार्फत आलेले होते. अ‍ॅपल ही कंपनी आपल्या पुरवठादारांकडच्या कामगारांविषयी दरवर्षी जाडजूड अहवाल काढते. तरीही कामाच्या तासांची व्यवस्था नीट नव्हती आणि काही कामगारांना पगार वेळेवर मिळाला नव्हता, हे तिला उद्रेकानंतर मान्य करावं लागलं. मग विस्ट्रॉनला प्रोबेशनवर ठेवलं गेलं.

त्याहून भीषण उदाहरण कराचीचं आहे. तिथल्या बल्दिया भागातल्या अली एंटरप्रायझेस या कपडे शिवणाऱ्या कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये कामगारांच्या हक्कांसाठी जगभर मानलं जाणारं एसए ८००० हे प्रमाणपत्र मिळालं. काही आठवड्यांतच, ११ सप्टेंबर २०१२ रोजी, त्याच इमारतीत आग लागून अडीचशेहून अधिक माणसं मेली. खिडक्यांना गज होते, बाहेर पडायचे रस्ते बंद होते. कागदावरचं प्रमाणपत्र मात्र रीतसर होतं.

'ठेकेदाराचे कामगार आमचे नव्हेत' हे उत्तर या देशात तर कायद्यानेही टिकत नाही. दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या बांधकामांवरच्या मजुरांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८२ मध्ये न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी निकाल देताना दोन गोष्टी स्पष्ट केल्या. कामं करवून घेणाऱ्या यंत्रणांना ठेकेदाराकडे बोट दाखवून कामगार कायद्यांची जबाबदारी झटकता येणार नाही. आणि किमान वेतनापेक्षा कमी पैशांत माणसाला राबवणं म्हणजे घटनेच्या २३ व्या कलमाने मना केलेली वेठच आहे, मग त्याच्या पायात बेडी नसली तरी. ठेकेदाराने पगार दिला नाही तर मुख्य मालकाने द्यायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनीही ते काढलेलं नाही. 'वेठबिगारी : शून्य' असं लिहिणाऱ्या प्रत्येक कंपनीने आपल्या आवारातल्या सफाई, हमाली, कँटीन आणि पहारा या कामांवरच्या शेवटच्या माणसाचा पगार या निकालाच्या कसोटीवर लावून पाहिला आहे का, हे अहवालातून कळत नाही.

हा प्रश्न महाराष्ट्रात कुठे सर्वांत तीव्र आहे हे सांगायला दूर जायला नको. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणी, धाराशिव, अहिल्यानगर इकडून ऊसतोड मजूर निघतात आणि सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे आणि कर्नाटकापर्यंत जाऊन पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, तिथेच राहतात. त्यांची संख्या आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत काहीही सांगितली जाते. राज्यात दोनशेच्या आसपास कारखाने गाळप करतात, प्रत्येक टनाची काट्यावर नोंद होते, प्रत्येक वाहनाची पावती निघते, कोणत्या शेतकऱ्याचा ऊस कोणत्या दिवशी किती उतरला हे वर्षांनंतरही सांगता येतं. तोडणारी माणसं मात्र नेमकी किती, हे सांगता येत नाही.

त्याचं कारण हिशेबाच्या पद्धतीत आहे. साधारणपणे नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, कोयत्याला मिळते, ती नवऱ्याच्या हातात पडते, आणि टोळी जमवणाऱ्या मुकादमाच्या वहीत नाव त्याचं असतं. पहाटे अंधारात फडात उतरून ऊस तोडणं, वाढे छाटणं, मोळ्या बांधणं आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढत गाडीत टाकणं, यात बाईचं काम पुरुषाच्या बरोबरीचं असतं. त्याआधी आणि त्यानंतर कोपीवरचं, म्हणजे तात्पुरत्या झोपडीतलं, पाणी, चूल आणि पोरं तिच्याचकडे. दिवस बुडाला तर खाडा कापला जातो. मासिक पाळीच्या दिवसांत किंवा आजारपणात बसायची सोय नाही. इतकं करून पगारपत्रक तर नाहीच, स्वतःच्या नावाची साधी नोंदही तिला मिळत नाही. स्त्री-पुरुषांच्या वेतनातल्या तफावतीवर अहवालांत तक्ते भरतात. तिला वेतनच वेगळं नाही, मग तफावत कशाशी मोजणार?

याची किंमत तिच्या शरीराने दिली आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याच्या बातम्या आल्या आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांनी याच पट्ट्यावर मोठा वृत्तान्त प्रसिद्ध केला. कर्जात अडकलेली कुटुंबं, बालविवाह, फडातली मुलं आणि गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया यांचा धागा त्यांनी कोका-कोला आणि पेप्सिको यांना साखर पुरवणाऱ्या कारखान्यांपर्यंत नेऊन भिडवला. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्येच ऊसतोड मजुरांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली होती. मानवी हक्कांविषयी धोरणं आणि अहवाल प्रसिद्ध करणाऱ्या जागतिक कंपन्यांच्या साखरेमागे हे सगळं वर्षानुवर्षं चालू होतं. बाहेर आलं ते बातमीदारांमुळे आणि गावागावांत काम करणाऱ्या संघटनांमुळे.

इथे कारखान्यांचं उत्तर ठरलेलं असतं : ऊसतोड मजूर आमचे कामगार नाहीत. कारखान्याचा करार वाहनमालकाशी, वाहनमालकाचा मुकादमाशी, मुकादमाचा मजुराशी. तोडणी-वाहतुकीचा खर्च तर शेतकऱ्याच्या उसाच्या पैशांतून वळता होतो. पण मग तोडणीचा दर कोण ठरवतं? जानेवारी २०२४ मध्ये दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला, तेव्हा मजुरांच्या संघटनांसमोर वाटाघाटीला बसला होता तो साखर कारखान्यांचा संघ. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे दहा रुपये घेतले जातात, तेही कारखान्यांकडूनच. दर ठरवायला, पैसे वळते करायला आणि कल्याणनिधी भरायला ज्यांचा संबंध पोचतो, त्यांचा संबंध माणसं मोजायची वेळ आली की संपतो, हे मान्य करता येणार नाही.

म्हणूनच पुरवठा साखळीची माहिती मागणं हा जाच आहे, या म्हणण्याला माझा सर्वांत जास्त विरोध आहे. सेबीने ही माहिती पहिल्या २५० कंपन्यांकडून मागायचं ठरवलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये संचालक मंडळाने आणि मार्च २०२५ मध्ये परिपत्रकाने ती एक वर्ष पुढे ढकलली आणि ऐच्छिक केली. शिवाय कंपनीच्या एकूण खरेदी-विक्रीत ज्याचा वाटा दोन टक्के किंवा त्याहून अधिक आहे, तेवढाच भागीदार धरायचा, असं ठरलं. पैशाच्या मापाने लावलेली ही चाळणी नेमकी उलटी पडते. महाग यंत्रं, रसायनं, पोलाद पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्या त्यात राहतात. सफाईचा, हमालीचा, कँटीनचा ठेका खरेदीच्या दोन टक्क्यांपर्यंत क्वचितच जातो, म्हणून तो गळतो, आणि सर्वांत कमी पगाराची माणसं तिथेच असतात. बिस्किटं किंवा शीतपेयं बनवणाऱ्या कंपनीच्या बाबतीत साखर कारखाना दोन टक्क्यांत बसला, तरी फडापर्यंत जाण्याची सक्ती कोणावरच नाही. राज्यातले बहुतेक साखर कारखाने सहकारी किंवा शेअर बाजाराबाहेरचे खाजगी आहेत, त्यामुळे त्यांना हा अहवालच लागू नाही. फडातली बाई कोणत्या अहवालात यायला हवी, याला आज उत्तर नाही.

माहिती जमवायला खर्च येतो म्हणावं, तर बरीचशी माहिती आधीच जमलेली आहे. ठेकेदाराचं बिल मंजूर करण्याआधी त्याच्याकडून भविष्य निर्वाह निधीचं आणि ईएसआयचं चलन मागितलं जातं, सोबत माणसांची यादी असते. फाटकावर बोटांचे ठसे घेतले जातात. म्हणजे आत किती माणसं आली, किती तास थांबली, कोणाच्या नावावर आली, हे कंपनीला रोज कळतं. ते वर्षातून एकदा एका तक्त्यात मांडायला सांगितलं की अचानक ओझं होतं. साखर कारखान्यांकडे तर टोळीनिहाय वजनाच्या पावत्या आहेत. प्रत्येक टोळीत किती स्त्रिया, किती पुरुष, सोबत किती मुलं, एवढं लिहून घ्यायला फार मोठी यंत्रणा लागत नाही.

जे मोजलं जात नाही त्यात आणखी एक मोठी गोष्ट आहे, जात. बीआरएसआरमध्ये स्त्री-पुरुष आहे, दिव्यांगत्व आहे, जात नाही. खाजगी क्षेत्राने २००६ मध्ये जे. जे. इराणी यांच्या अध्यक्षतेखालच्या गटामार्फत अनुसूचित जाती-जमातींसाठी स्वतःहून पावलं टाकायचं आश्वासन दिलं, तेव्हा कायद्याची गरज नाही असं सांगितलं गेलं होतं. आश्वासन किती पाळलं गेलं हे तपासायला प्रत्येक कंपनीचे दरवर्षीचे आकडे लागतील. जात विचारली तर कामाच्या ठिकाणी दुही माजेल, हे कारण मला पटत नाही. अमेरिकेत शंभर किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या खाजगी मालकांना १९६० च्या दशकापासून वंशनिहाय आकडे सरकारला द्यावे लागतात. दक्षिण आफ्रिकेत १९९८ च्या कायद्याने तेच केलं. तिथले कारखाने त्यामुळे बंद पडले नाहीत. आपल्याकडे गटारात उतरणाऱ्या ठेक्याच्या माणसांची जात सगळ्यांना माहीत असते, व्यवस्थापकांच्या मजल्यावरची मात्र विचारायची नाही.

आणि नुसती टक्केवारी किती फसवी ठरू शकते हे जून २०२४ मध्ये रॉयटर्सच्या वृत्तान्ताने दाखवलं. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूर इथल्या फॉक्सकॉनच्या आयफोन कारखान्यात विवाहित स्त्रियांना पद्धतशीरपणे नोकरी नाकारली जात असल्याचं त्यात होतं. केंद्र सरकारला तमिळनाडूच्या कामगार खात्याकडून अहवाल मागवावा लागला. कामावर हजारो बायका असल्या तरी कोणत्या बायकांना दारातूनच परत पाठवलं हे टक्केवारीत दिसत नाही.

मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत आज शेअर आहेत, म्युच्युअल फंडांचे हप्ते आहेत. जुलै ते सप्टेंबरात कंपन्यांच्या वार्षिक सभा होतात, बहुतेक ऑनलाइन, आणि नाव नोंदवून कोणत्याही भागधारकाला प्रश्न विचारता येतो. वार्षिक अहवाल ईमेलवर आला की नफ्याच्या पानानंतर बीआरएसआरमधलं मानवी हक्कांविषयीच्या पाचव्या तत्त्वाचं पान उघडा. तिथे सगळीकडे शून्य दिसलं तर सभेत विचारा : ठेकेदाराकडच्या किती माणसांना ही तक्रारपेटी माहीत आहे, त्यांच्यातले किती जण वर्षभरात बदलले, आणि दोन टक्क्यांच्या खालच्या ठेक्यांवर काम करणाऱ्यांचा पगार शेवटचा कोणी तपासला? उत्तर लेखी मागा, आणि ते मिळालं नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा विचारा.